आजची मर्यादा

बुरुलनं कीबोर्डवर सांडलेली चहाची पत्ती ओल्या बोटानं टिपली आणि वडिलांच्या खात्याचा पासवर्ड घातला. पासवर्ड म्हणजे आईचं नाव होतं. हे सगळ्या घराला ठाऊक होतं, एका आईला सोडून.

खिडकीबाहेर अंगणात लोकरीचा गोल तंबू उभा होता. तिचे वडील तुर्दुबेक कालपासून त्यात निजले होते, आणि त्यांच्या शेजारी बायका दाराकडे पाठ करून हेल काढत होत्या. बाहेर पुरुष काठ्यांवर रेलून उभे. फाटकातून नवं माणूस आत शिरलं की त्यांचा आवाज चढायचा, "माझ्या डोंगरा रे!" आणि ते माणूस चहाला बसलं की उतरायचा. थोरल्या लेकीची जागा खरं तर तंबूत, आईला लागून. बुरुल पहाटेपासून तिथं बसलीही होती. पण तिच्या तोंडून सूर निघेना. डोळे कोरडे ठणठणीत. एका आत्यानं पाठीवरून हात फिरवला, दुसरीनं कोपरानं ढोसलं, तरी काही नाही.

"औषधाच्या दुकानात बसून बसून पोरीचं काळीजपण बाटलीत गेलंय," दुसरी आत्या म्हणाली. हळूच, पण ऐकू जाईल इतपत.

तेव्हा कासिम आबांनी तिला बाहेर बोलावून घेतलं. आबा वडिलांचे थोरले भाऊ. घरात आता तेच मोठे.

"बुरुल, तुझ्या बापाचे ते बर्फातले दोस्त आहेत ना, त्यांना कळवायला हवं. कुणी बाजारात ऐकलं तर जन्मभर बोल लावतील."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. माती उद्या दुपारी आहे. जो पोचेल तो मूठभर घालेल."

बुरुल उठली ती जवळजवळ पळतच. तिला काम मिळालं होतं, आणि कामाला डोळ्यांत पाणी लागत नाही.

तुर्दुबेकांनी उभं आयुष्य वरच्या हिमनदीवरच्या ठाण्यात काढलं. बर्फ मोजायचा, वहीत उतरवायचा, पुन्हा मोजायचा. मग सोव्हिएत देशच मोडला, ठाणं ओस पडलं, आणि बरोबर बर्फ मोजलेली माणसं जगभर पांगली. कुणी अल्माटीला, कुणी सायबेरियात, कुणी थेट जर्मनीत. निवृत्तीनंतर तुर्दुबेकांनी त्या सगळ्यांचे पत्ते एकेक करून गोळा केले, आणि दर वसंतात, नौरोझच्या सुमाराला, ते सगळ्यांना पत्र पाठवू लागले. ईमेलला ते पत्रच म्हणायचे. वर विषय नेहमी एकच, 'बर्फाची खबर'. खाली यंदा वर किती पडला, कडा किती मागे सरकला, कोण आजारी, कुणाला नातू झाला.

खातं फुकटातलं. दिवसाला ठरावीकच पत्रं जायची, त्यापुढे यंत्र हात वर करायचं. तुर्दुबेकांना त्याचं काहीच नव्हतं. रशियन बाराखडीच्या क्रमानं, प्रत्येकाला त्याच्या नावानं वेगळं, आज इथवर आणि उद्या तिथून पुढे, असं त्यांचं आठवडाभर चालायचं. संध्याकाळी जेवताना सांगायचे, "आज 'क'पर्यंत पोचलो." त्या बाराखडीत 'या' अगदी शेवटी, म्हणून याकोव्हलेव्ह दरवर्षी उलट लिहायचा की आमच्यापर्यंत येईस्तोवर तुझा बर्फ वितळलेला असतो. बुरुल त्यांना सांगून थकली होती, की बाबा, सगळ्यांचे पत्ते एकदम घाला, एकच मेल करा. तर म्हणायचे, "एका हाकेत गोळा करायला ती काय मेंढरं आहेत?"

आज मात्र आठवडा नव्हता. बुरुलनं गेल्या वसंतातलं पत्र उघडलं, मजकूर पुसला आणि त्या जागी लिहिलं: 'तुर्दुबेक काल संध्याकाळी वारले. उद्या दुपारी कराकोलला माती आहे. मुलगी, बुरुल.' मग खात्यात जेवढे म्हणून पत्ते होते तेवढे निवडले, सगळे एकदम, आणि बटण दाबलं. विषय तसाच राहिला, 'बर्फाची खबर', हे तिला पाठवल्यावर दिसलं. दिसूनही काही वाटलं नाही. कालपासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. दातांच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं.

पहिलं उत्तर लगेच आलं. अल्माटीचा गेनादी. 'तुर्दुबेक, ऑक्टोबरात कसली खबर? आणि ही कसली थट्टा?' पाठोपाठ दुसरं आलं, 'माफ कर, बुरुल. नाव त्याचं दिसलं आणि मी...' वाक्य तिथंच सोडलेलं.

आणि त्याच्या वर यंत्राची सूचना येऊन बसली. आजची मर्यादा संपली. काही पत्त्यांवर पत्र पोचलेलं नाही. चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करा. कुणाचं गेलं आणि कुणाचं राहिलं, ते काही यंत्रानं सांगितलं नाही. बुरुलनं पाठवलेलं पत्र उघडून पत्त्यांची रांग वरपासून खाली नेली, निदान याकोव्हलेव्ह तरी सापडावा म्हणून. रांग वडिलांच्या बाराखडीत नव्हती, यंत्राला सुचेल तशी लागली होती. मध्यावर कुठंतरी, एका रशियन हवामान कचेरीच्या आणि एका जर्मन विद्यार्थ्याच्या मध्ये, जिबेकचा पत्ता होता.

बुरुलचं बोट थांबलं.

जिबेक बुरुलची धाकटी बहीण. मॉस्कोत एका मोठ्या गोदामात खोकी बांधायची. तिला काल बुरुलच्या नवऱ्यानं, नुरदीननं, फोन केला होता, आणि आमच्याकडे जे सांगतात तेवढंच सांगितलं होतं, की बाबांना बरं नाही, निघून ये. याचा अर्थ काय ते ऐकणाऱ्याला कळतं, आणि ऐकणारा तो कळून घेत नाही. रक्ताच्या माणसाला मरणाची बातमी फोनवर द्यायची नसते. त्याला घरी आणायचं, बसवायचं, घरातल्या मोठ्यानं आडून आडून विषय काढायचा, आणि शब्द उच्चारायची वेळ येईल तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी बसलेलं हवं. दोस्तांना कळवलं तर चालतं. लेकीला नाही.

तुर्दुबेक तर याबाबतीत फार कडक होते. त्यांची आई गेली तेव्हा ते वर ठाण्यावर होते. कुण्या शहाण्यानं बिनतारी यंत्रावरून सरळ सांगून टाकलं. ते एकटे बर्फातून चालत खाली उतरले, आणि त्या वाटेबद्दल पुढे कधी चकार शब्द बोलले नाहीत. फक्त एवढं म्हणायचे, "माझ्या घरात कुणी एकट्यानं ऐकायचं नाही."

जिबेक या घटकेला विमानात होती. किंवा उतरून, तिला आणायला गेलेल्या नुरदीनच्या गाडीत बसली असेल. बुरुलनं नवं पत्र उघडून जिबेकचा पत्ता घातला. यंत्रानं तीच सूचना पुन्हा दाखवली. स्वतःच्या खात्यातून लिहायला घेतलं, तर काय लिहायचं ते कळेना. बाबांच्या नावानं आलेलं पत्र उघडू नकोस? तसं सांगणं म्हणजे सांगणंच झालं. बुरुल दुपार कलेपर्यंत हात मांडीवर ठेवून तिथंच बसून राहिली. अंगणातून हेल येत होते.

अखेर ती उठली आणि आबांना घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथं मोठ्या कढईत मटण शिजत होतं.

"आबा, माझ्याकडून चूक झाली. बाबांच्या यादीत जिबेक होती."

आबांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"म्हणजे माझ्याआधी त्या डब्यानं सांगितलं?"

"माहीत नाही. डबा मध्येच बंद पडला. गेलं असेल, नसेलही."

"मग विचार त्याला."

"तो सांगत नाही, आबा. रोजची मर्यादा संपली म्हणतो."

"मर्यादा!" आबा म्हणाले. "ती तुला कळायला हवी होती, पोरी. त्याला कसली आलीय?"

त्यांनी आणखी दोन शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं. निदान काहीतरी वाटलं असतं. पण आबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नुरदीनला फोन लाव. पोरगी त्याच्या हाती लागली असेल. रडतेय का बघ म्हणावं."

नुरदीननं फोन घेतला तेव्हा पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. ते दोघं बालिकचीला पोचले होते, सरोवराच्या टोकाला, जिथं रस्त्याकडेला बायका धुरवलेले मासे दोरीला टांगून विकतात.

"मी गाडीपासून लांब आलोय, बोल," नुरदीन म्हणाला.

"जिबेक काय करतेय?"

"काय करणार? मासे घेतेय."

"मासे?"

"हो. बाबांना आवडतात म्हणे. बाई भाव पाडत नाही, ही सोडत नाही. दोघींची जुंपलीय."

"विमानतळावर कशी होती?"

"काचेपलीकडनं पाहिलं तेव्हा रडत होती. सामान घेऊन बाहेर आली तोवर सावरली. वाटेत समोसे खाल्ले, झोपली, उठली, आता भांडतेय. तोंडाकडे बघवत नाही तिच्या."

"मोबाईल पाहिला का तिनं?"

"तिच्या मोबाईलवर मी पहारा ठेवू, का रस्त्यावर बघू? का? काय झालं?"

"काही नाही. काही बोलू नकोस. घरी आणू नकोस, तंबू दिसेल. साइराकडे आण."

फोन ठेवून बुरुल भिंतीला टेकली. ज्या मुलीला बाप गेल्याचं कळलंय ती बापासाठी माशांचा भाव करत बसत नाही. म्हणजे पत्र पोचलं नव्हतं. यंत्र जिबेकच्या अलीकडेच थांबलं होतं. तिनं आबांना तसं सांगितलं.

"पोचलं नाही?"

"नाही पोचलं. मासे घेतेय, भांडतेय म्हणतात."

"त्या डब्याला अक्कल आहे म्हणायची," आबा म्हणाले, आणि डोक्यावरची टोपी सारखी करून पुन्हा पुरुषांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. बुरुल तंबूत गेली. आईनं सरकून जागा दिली. आईचा आवाज एव्हाना पार बसला होता. बुरुलनं तिचा हात हातात घेतला, तिच्याबरोबर ओठ हलवले. त्यातून आवाज निघाला नाही.

साइराचं घर गल्लीच्या कोपऱ्यावर. तिथून तुर्दुबेकांचं अंगण दिसत नाही, आणि दारं लावली की रडणंही ऐकू येत नाही. या कामासाठी गल्लीनं ते घर कितीदा वापरलं असेल देव जाणे. साइराला काही सांगावं लागत नाही. तिनं जमिनीवर जेवणाचा दस्तरखान अंथरला, नान मोडून ठेवली, सफरचंदाचा मुरांबा काढला, आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसली. आबा भिंतीशी, मानाच्या जागी. त्याच भिंतीशी, एक माणूस सोडून, बुरुल. दोघांमधली जागा मोकळी ठेवलेली.

गाडी थांबल्याचा आवाज आला. मग दार उघडलं आणि जिबेक आत आली, कागदात गुंडाळलेले मासे छातीशी धरून.

"एजे!" तिनं मासे तिथंच ठेवले आणि थोरल्या बहिणीच्या गळ्यात पडली. तिच्या जाकिटाला धुराचा आणि विमानाचा वास येत होता. "काय वाळलीस गं! दाजी जेवायला घालतात की नाही? आबा, सलाम. इथं कशाला बसलात सगळे? घरी काय जागा नाही?"

"बस, लेकी," आबा म्हणाले. "आधी चहा घे."

"चहा घरी घेऊ की. बाबांबरोबर."

"बस."

ती बसली, मोकळ्या जागी. नुरदीन दारातच उभा राहिला, टोपी हातात घेऊन. बुरुलनं चहा ओतला. अर्धाच कप, आमच्याकडे ओततात तसा. आबांनी घसा साफ केला. त्यांनी आजवर पुष्कळ घरांत हे काम केलं होतं. लोक त्यांना मुद्दाम बोलावून न्यायचे, कारण कासिम आबा बोलायला लागले की बातमी एकदम अंगावर येत नाही, पाय न वाजवता येऊन शेजारी बसते.

"वर डोंगरात यंदा काय झालं, ऐकलंस का?" आबांनी सुरुवात केली. "मोठा कडा होता ना आपला. वारा सुटला की सगळी मेंढरं ज्याच्या आडोशाला जायची. आपण सगळेच जायचो."

"कोणता? ठाण्याच्या वरचा?"

"तोच धर. किती वर्षं उभा होता. आपल्याला वाटायचं, हा काय, कायमचाच आहे. पण लेकी, डोंगरालाही त्याची वेळ असते. ऊन लागतं, पाणी मुरतं. काल संध्याकाळी..."

"कडा कोसळला?" जिबेकनं कप खाली ठेवला. "कुणाला लागलं का?"

"आडोसा गेला, पोरी. आपल्या सगळ्यांचा."

जिबेकनं आबांकडे पाहिलं, मग बुरुलकडे, आणि बुरुलला वाटलं, आता कळलं हिला. तिनं हात पुढे करायची तयारी केली. तेवढ्यात जिबेक हसली.

"आबा, तुम्ही पण ना! असं काय बोलता? आत्ता माझं हृदय बंद पडलं असतं."

आबांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"खरंच सांगते," जिबेक म्हणाली. "काल दाजींचा फोन आला ना, तेव्हापासून मी हेच धरून बसले होते. बरं नाही, निघून ये. हे काय मला माहीत नाही? विमानात इतकी रडले, इतकी रडले, की शेजारची बाई परक्या देशाची, तिनं मला पाणी पाजलं. म्हटलं संपलं सगळं. मग उतरले, मोबाईल लावला, आणि..." तिनं जाकिटाच्या खिशातून मोबाईल काढला. "बाबांचं पत्र!"

बुरुलच्या हातातली किटली कलली. चहा दस्तरखानावर सांडत राहिला आणि कुणी तो पुसायला पुढे झालं नाही.

"बघा ना. 'बर्फाची खबर'. ऑक्टोबरात! अंथरुणाला खिळून कंटाळले असतील आणि बसले असतील लिहायला. माझं सिम तिकडचं, इथं धड चालत नाही. वरचं नाव दिसतं, पत्र काही उघडत नाही. म्हटलं, नाही उघडत तर नको. जातेच आहे, त्यांच्याच तोंडून ऐकेन. नाव दिसलं तेवढं मला पुरे झालं, आबा. तिथंच बाकावर बसले आणि इतकी भूक लागली मला."

दारात नुरदीननं तोंड भिंतीकडे वळवलं. त्याला आता ते मासे समजले होते.

आबांनी पुन्हा घसा साफ केला. ओठ हलवले. डोंगर, कडा, आडोसा, सगळं वापरून झालं होतं, आणि ते सगळं त्या एका नावापुढे फिकं पडलं होतं. ज्या माणसानं आज पत्र धाडलंय त्याच्याबद्दल आडून काय बोलणार? आबांनी बुरुलकडे पाहिलं. मोठ्या माणसानं लहानाकडे असं पाहू नये, तसं पाहिलं.

बुरुल सरकून जिबेकला खेटून बसली. तिनं एक हात बहिणीच्या खांद्यामागून नेला आणि दुसऱ्या हातानं मोबाईल असलेला तिचा हात धरला.

"जिबेक, ते पत्र मी लिहिलंय."

"तू कशाला? बाबांचं नाव आहे."

"त्यांच्या खात्यातून लिहिलं. सगळ्यांना पाठवायचं होतं. तुला जायला नको होतं." तिला स्वतःचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला. कालपासून तिनं हे लिहिलं होतं, लोकांचं ऐकलं होतं, मान हलवली होती. तोंडानं एकदाही म्हटलं नव्हतं. "बाबा गेले, जिबेक. काल संध्याकाळी. बाबा गेले."

म्हटलं आणि पहाटेपासून न निघालेला सूर एकदम वर आला. तिनं तो दातांनी अडवला, कारण आज तिनं आधी रडायचं नव्हतं.

जिबेक रडली नाही. तिनं आबांकडे पाहिलं, ते खाली मान घालून बसले होते. नुरदीनच्या पाठीकडे पाहिलं. मग बुरुलच्या हातातून तिनं आपला हात हळूच सोडवून घेतला, काळा झालेला पडदा अंगठ्यानं पुसून जागा केला, आणि मोबाईल बहिणीच्या डोळ्यांसमोर धरला.

"पण एजे," ती म्हणाली, समजावून सांगितल्यासारखी, "यावर तारीख आजची आहे."